बंद संगणक ‘चालू’ दाखवायचे का? युडायस प्लस आणि शाळेच्या डिजिटल निधीचा हिशेब

प्रश्न एका मुख्याध्यापिका मॅडमचा आहे. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी, पट ११२. २०१७ साली गावाने लोकवर्गणी काढून आठ संगणक दिले. आज त्यातले दोन कसेबसे सुरू होतात. पण युडायस प्लसच्या, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलच्या, फॉर्ममध्ये दरवर्षी ‘एकूण ८, चालू ८’ असंच जातं, कारण शाळांच्या समूह केंद्रातून निरोप असतो, ‘मागच्या वर्षीचं आहे तसं ठेवा, फरक दिसला की वरून विचारणा होते.’ मॅडम विचारतात, यंदा खरं भरलं तर शाळा अडचणीत येईल का? आणि शेजारच्या गावच्या शाळेला स्मार्ट क्लासरूम आली, आमचा नंबर का लागत नाही?

मॅडम, खरं भरा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यातच आहे.

मी बरीच वर्षं तालुक्याला आणि नंतर जिल्ह्याला एमआयएसचं, म्हणजे शाळांची माहिती गोळा करून लावण्याचं, काम केलं, वार्षिक आराखड्याच्या तक्त्यांवर रात्री काढल्या. शिक्षकांची सर्वसाधारण समजूत अशी की युडायस म्हणजे वरून आलेलं माहिती भरण्याचं आणखी एक काम, भरलं की सुटलो. प्रत्यक्षात तो फॉर्म हाच तुमच्या शाळेचा निधीसाठीचा अर्ज असतो. वेगळा अर्ज बहुतेक वेळा कुणी मागवतच नाही.

आराखडा कसा तयार होतो ते सांगतो, म्हणजे हे पटेल. समग्र शिक्षा योजना २०१८-१९ पासून सुरू आहे. सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक प्रशिक्षण या तीन योजना एकत्र करून ती झाली. महाराष्ट्रात ती महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद राबवते, खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०. दरवर्षी जिल्हे आपला आराखडा राज्याला देतात, राज्य तो दिल्लीला नेतं आणि तिथलं प्रकल्प मान्यता मंडळ एकेका बाबीवर मंजुरी देतं. त्या बैठकीत मंडळापुढे असतात ते युडायसचे आकडे. ‘आमच्या जिल्ह्यात शाळांना संगणक हवेत’ हे वाक्य तिथे चालत नाही. कोणत्या शाळांना हवेत, त्यांचे युडायस कोड काय, तिथे सहावीच्या वरचे वर्ग आहेत का, वीज आहे का, आधी मिळालंय का, हे विचारलं जातं.

मग जिल्ह्याला आमच्यासारखा कुणीतरी एक्सेलची फाइल उघडतो आणि फिल्टर लावतो. शासकीय व्यवस्थापनाची शाळा. सहावी ते बारावीपैकी वर्ग आहेत. वीज चालू. वापरण्याजोगी पक्की खोली. चालू संगणक शून्य किंवा अगदी कमी. पूर्वी आयसीटी लॅब, म्हणजे संगणक प्रयोगशाळा, मंजूर नाही. जी नावं उरतात ती पटाच्या उतरत्या क्रमाने लावली की यादी तयार. तुमच्या शाळेच्या ओळीत ‘चालू ८’ असं असेल तर ती चौथ्या-पाचव्या फिल्टरलाच गळते. कुणी अन्याय केला असं नाही, कुणी तुमचं नाव पाहिलेलंही नसतं. शेजारच्या शाळेने शून्य लिहिलं असणार.

आता तो रकाना जवळून पाहू. युडायस प्लसच्या शाळेच्या माहितीत भौतिक सुविधांच्या पुढे डिजिटल साधनांचा भाग येतो. डेस्कटॉप, लॅपटॉप, टॅबलेट, प्रोजेक्टर, प्रिंटर, स्मार्ट टीव्ही, डिजिटल बोर्ड अशा ओळी आणि प्रत्येकीपुढे दोन आकडे, एकूण किती आणि त्यातले चालू किती. बहुतेक शाळा या दोन चौकटींत एकच आकडा टाकून मोकळ्या होतात. तुम्ही ‘एकूण ८, चालू २’ असं भरा. आठ लिहिणं चूक नाही, कारण ते आठही संगणक तुमच्या डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला, आहेत आणि त्यांचं निर्लेखन, म्हणजे नोंदीतून रीतसर काढणं, झालेलं नाही. खोटा आहे तो फक्त दुसरा आकडा.

विजेच्या प्रश्नालाही हीच मेख आहे. तिथे ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्याबरोबर ‘आहे पण चालू नाही’ असा पर्याय असतो. बिल थकून मीटर काढून नेलेल्या शाळा ‘होय’ भरतात, मग स्मार्ट टीव्ही मंजूर होतो आणि खोक्यातच राहतो. हे मी एकाहून जास्त शाळांत डोळ्यांनी पाहिलंय.

‘फरक दिसला तर विचारणा होईल’ ही भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, तिला इतिहास आहे. शाळांच्या माहितीची ही पद्धत १९९४-९५ च्या सुमारास जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमातून, म्हणजे डीपीईपीतून, आली. देशातल्या सात राज्यांतले ४२ जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. त्यात आपले औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि परभणी होते, नावं तेव्हाची. त्या काळी ही माहिती नियोजनासाठी आहे असं सगळ्यांना वाटायचं. मग पटाला शिक्षकांची पदं जोडली गेली, पदांना पगार जोडला गेला, आणि आकडा हा जीव की प्राण झाला. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावून डोकी मोजली गेली. त्यात जी खोटी पटसंख्या उघडी पडली ती जुन्या शिक्षकांच्या अजून लक्षात आहे. तेव्हापासून ‘आकडा बदलला की चौकशी’ हे समीकरण मनात घट्ट बसलंय. २०१५ ला सरल ही राज्याची ऑनलाइन माहिती प्रणाली आली, २०१८-१९ ला युडायसचं युडायस प्लस झालं, २०२२-२३ पासून शाळेची नुसती बेरीज घेणं बंद होऊन एकेका मुलाची नोंद सुरू झाली. दर टप्प्यावर शिक्षकाला वाटलं, आपल्याला पकडायलाच हे आणलंय.

पण संगणकाचा आकडा आणि पटाचा आकडा यात फरक आहे. सात-आठ वर्षं जुना संगणक बंद पडला म्हणून कुणावर कारवाई होत नाही. विचारणा झालीच तर दाखवायला कागद हवा, एवढंच. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विषय घ्या, ‘आठपैकी सहा संगणक नादुरुस्त, दुरुस्तीचा खर्च परवडणारा नाही, निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवावा’ असा ठराव करा. स्थानिक दुरुस्तीवाल्याचं लेखी म्हणणं जोडा. प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आवक क्रमांकासह द्या. निर्लेखन व्हायला वेळ लागतो, वर्ष दोन वर्षंही जातात, पण आवक क्रमांक असलेली प्रत ही तुमची ढाल. लोकवर्गणीतली वस्तू म्हणून ‘ती तर गावाची आहे, कशाला निर्लेखन’ असंही काही जण म्हणतात. रजिस्टरला चढली की ती शाळेची झाली, नियम तोच. आणि निर्लेखन झालेली यंत्रं भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. ई-कचऱ्याचे नियम आहेत, अधिकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यालाच द्यायची असतात. हार्ड डिस्क आधी काढून घ्या, तिच्यात मुलांचे आधार क्रमांक पडलेले असतात.

केंद्रातून येणारा ‘मागचंच ठेवा’ हा निरोप कुठून येतो तेही सांगून टाकतो. शाळा भरते, केंद्रप्रमुख तपासतात, तालुका अंतिम करतो, जिल्हा पुढे ढकलतो. तालुक्याला एक एमआयएस समन्वयक, एखादा डेटा एंट्री ऑपरेटर, आणि समोर तालुक्यातल्या सगळ्या शाळा. शेवटच्या आठवड्यात संकेतस्थळ हळू चालतं, जिल्ह्यातून तासातासाला ‘किती टक्के झालं’ विचारणा. अशा वेळी मागच्या वर्षीशी न जुळणारी प्रत्येक ओळ म्हणजे एक फोन. म्हणून तो निरोप. त्यात दुष्टावा नाही, आळस आहे आणि थोडी हतबलता. उपाय एकच, शेवटच्या आठवड्याआधी भरा. तेव्हा प्रश्न विचारायला आणि उत्तर द्यायला दोन्हीकडे वेळ असतो.

देशपातळीवरचा आकडाही अशाच ओळींतून बनतो. २०२४-२५ च्या युडायस प्लस अहवालात देशातल्या ६४.७ टक्के शाळांत संगणकाची आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेटची सोय असल्याचं म्हटलंय. मी तो आकडा वाचतो तेव्हा मनात येतं, यात तुमच्यासारखे किती ‘चालू ८’ असतील.

आता पैशाकडे. समग्र शिक्षेतली डिजिटल बाब सहावी ते बारावीच्या वर्गांसाठी आहे. तुमची शाळा सातवीपर्यंत, म्हणजे दारात उभं राहायला पात्र. चौथी-पाचवीपर्यंतच्या शाळांनी या यादीची वाट पाहण्यात अर्थ नाही, त्यांचे मार्ग खाली आहेत. आयसीटी लॅबसाठी शाळेमागे कमाल ६ लाख ४० हजार रुपये एकदा, आणि पुढे पाच वर्षं दरवर्षी कमाल २ लाख ४० हजार आवर्ती खर्च. स्मार्ट क्लासरूमचा पर्याय असेल तर २ लाख ४० हजार एकदा आणि वर्षाला ३८ हजार आवर्ती. या कमाल मर्यादा आहेत, हाती तेवढेच येतात असं नाही. खरेदी बहुतेक वेळा राज्य किंवा जिल्हा पातळीवर एकत्र होते. शाळेच्या खात्यावर पैसे येण्याऐवजी थेट खोकी येतात आणि तुमची सही पोहोच पावतीवर लागते. ती सही करण्याआधी खोकी उघडून यंत्र चालवून पाहा, अनुक्रमांक पावतीशी ताडून घ्या आणि हमीचा कालावधी लिहून घ्या. ‘सर, गाडी थांबलीय, लवकर सही करा’ हे वाक्य ऐकू आलं की आणखी सावकाश तपासा.

माझ्या मते या सगळ्या योजनांची खरी परीक्षा आवर्ती खर्चात आहे आणि तिथेच त्या नापास होतात. केंद्राची शाळांसाठीची आयसीटी योजना डिसेंबर २००४ पासूनची. महाराष्ट्रात ती ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ पद्धतीने टप्प्याटप्प्याने आली. कंपनी लॅब उभारणार, प्रशिक्षक देणार, पाच वर्षं चालवणार आणि मग शाळेच्या ताब्यात देणार. पाच वर्षं संपली की प्रशिक्षक गेला, देखभालीचा करार संपला, शाळेकडे राहिली ती कुलूप लावलेली खोली. मानधनावर राबलेले संगणक शिक्षक पुढे कितीतरी वर्षं मोर्चे काढत राहिले. यंत्राला पैसे मिळतात, माणसाला आणि बिलाला मिळत नाहीत, हा या क्षेत्रातला जुना आजार आहे. २०१५ नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या काळात गावोगावी लोकवर्गणीची लाट आली. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या डिजिटल शाळेसारखी उदाहरणं पाहायला बसगाड्या भरून शिक्षक जायचे. ती लाट खरी होती, तुमचे आठ संगणक त्याच लाटेतले. गावाने एकदा भरभरून दिलं, पण चौथ्या वर्षी बॅटरी बदलायला कोण देणार हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

म्हणून संयुक्त शाळा अनुदानाकडे नीट पाहा. ते पटावर मिळतं. ३० पर्यंत पट असेल तर १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार आणि त्यावर एक लाख, असे टप्पे आहेत. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. इंटरनेट, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती यातून करता येते. पैसे पूर्ण येतीलच असं नाही, हप्त्याने येतात आणि पुष्कळदा मार्चच्या तोंडावर येतात. तरी तुमचा पट ११२ आहे, म्हणजे तुम्ही ५० हजारांच्या टप्प्यात अगदी काठावर उभ्या आहात. बारा नावं गळली की अनुदान निम्मं.

आणि नावं गळतात ती कशी, ते सांगतो. आता प्रत्येक मुलाला अकरा अंकी कायम शिक्षण क्रमांक असतो. मूल शाळा सोडून गेलं की पहिली शाळा त्याची नोंद ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये टाकते, दुसरी शाळा तिथून उचलते. बीडकडची ऊसतोडीची मुलं घ्या. दिवाळीच्या आगेमागे आई-बाप साखर कारखान्याकडे निघतात, मूल तिकडच्या शाळेत बसतं, तिथले गुरुजी प्रामाणिकपणे नाव घालायला जातात तर पोर्टल सांगतं, नोंद दुसऱ्या शाळेत आहे. इकडचे सर नाव सोडत नाहीत, कारण सोडलं तर पट घटणार. मूल एका वर्गात बसलेलं आणि कागदावर दुसऱ्या गावात. तुमच्याकडे अशी मुलं असतील तर आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करा. पत्र पाठवून वाट पाहिलीत तर मुदत निघून जाते. फोनवर नाव, जन्मतारीख आणि जनरल रजिस्टरचा, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीचा, क्रमांक सांगितला की बहुतेक सर त्याच दिवशी सोडतात.

दुसरी गळती नावाच्या स्पेलिंगची. जनरल रजिस्टरला ‘वैष्णवी बाळासाहेब’ आणि आधारला ‘वैष्नवी बाळू’. पोर्टलला ही दोन मुलं वाटतात आणि आधार अवैध ठरतं. संचमान्यतेला, म्हणजे शाळेची शिक्षकपदं ठरवताना, आधार वैध असलेलाच पट धरला जाऊ लागल्यापासून हा नुसता टंकलेखनाचा प्रश्न राहिला नाही, त्यावर शिक्षकाचं पद टिकतं किंवा जातं. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ पासून तीन. एकसष्टावं मूल स्पेलिंगमुळे अवैध ठरलं तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. जनरल रजिस्टर मात्र आधारप्रमाणे खाडाखोड करून बदलू नका. ते मूळ दस्तऐवज आहे, आधारच दुरुस्त करून घ्यायचं. पालकांना त्यासाठी मजुरी बुडवावी लागते, म्हणून ग्रामपंचायतीला सांगून गावातच आधार शिबिर लावता आलं तर सगळ्यात बरं. अपार, म्हणजे विद्यार्थ्याच्या देशपातळीवरच्या शैक्षणिक ओळख क्रमांकासाठी पालकांचं संमतिपत्र लागतं. ते सही घेऊन फाइलला ठेवा, आणि कुणी नको म्हटलं तर त्याची नोंद ठेवा, जबरदस्ती करू नका.

समग्रच्या यादीत यंदा नाव लागलं नाही तर हातावर हात धरून बसायचं कारण नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायत निधीत ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले आणि ४० टक्के अबंधित ठेवलेले होते. अशा अबंधित पैशातून शाळेचं काम होऊ शकतं, अट एवढीच की ते ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्यात बसलेलं हवं. आराखड्याच्या ग्रामसभेला तुम्ही किंवा समितीचे अध्यक्ष हजर नसाल तर रस्ता आणि गटार यांच्यापुढे शाळेचं नाव कोण काढणार? जिल्हा परिषदेचा स्वतःचा सेस निधी, जिल्हा नियोजन समिती, आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी हे पुढचे दरवाजे. प्रत्येक ठिकाणी प्रस्तावाला युडायसची प्रत जोडावी लागते किंवा कुणीतरी ती काढून पाहतंच. तिथे ‘चालू ८’ असलं की आमदारांचा स्वीय सहाय्यकसुद्धा विचारतो, मॅडम, तुमच्याकडे तर आहेत की.

पीएमश्री, म्हणजे निवडक शाळा आदर्श करण्याची केंद्र सरकारची योजना, हिच्याबद्दल दोनच वाक्यं. ती योजना सप्टेंबर २०२२ मध्ये मंजूर झाली, देशभरात १४,५०० शाळा, तालुक्यात जास्तीत जास्त दोन, आणि निवड स्पर्धात्मक पद्धतीने युडायसच्या माहितीवर. तुमच्यासारख्या शाळेने तिच्यामागे धावण्यापेक्षा वरचे मार्ग आधी संपवावेत.

मंजुरीच्या यादीत नाव शोधताना गावाच्या नावावर जाऊ नका, अकरा अंकी कोड पाहा. पहिले दोन अंक २७ म्हणजे महाराष्ट्र, मग दोन जिल्ह्याचे, दोन तालुक्याचे, तीन गावाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. वडगाव, पिंपळगाव प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि एकाचं सामान दुसऱ्या वडगावला उतरल्याचं मी पाहिलंय.

यंदाचा क्रम असा ठेवा. आधी समितीची सभा आणि निर्लेखनाचा ठराव. मग पट, ड्रॉपबॉक्समधली नावं आणि आधार. वर्षानुवर्षे ३० सप्टेंबर हा संदर्भ दिवस राहिलाय, तेव्हा हे सगळं त्याआधी आटपलेलं बरं. त्यानंतर सुविधांचा भाग, चालू २ लिहून. केंद्रप्रमुखांनी आकडा बदलायला सांगितलाच तर भांडू नका, ‘सर, संगणक खोलीत येऊन मोजा आणि शेरेबुकात लिहा’ एवढंच म्हणा. अंतिम झाल्यावर शाळेला बदल करता येत नाही, म्हणून त्याआधीची छापील प्रत काढून, सही-शिक्का करून ठरावाच्या फाइललाच लावा. जानेवारी-फेब्रुवारीत जिल्ह्याला आराखड्याचं काम सुरू होतं. तेव्हा तालुक्याच्या गटसाधन केंद्रात जाऊन एमआयएस समन्वयकांना एकच विचारा, आयसीटीच्या प्रस्तावित यादीत आपला कोड आहे का. नसेल तर कोणत्या रकान्यामुळे गळला ते ते दोन मिनिटांत सांगतील.